मोटारहोम सपाट उभी करण्याचे पर्याय आणि डिझेलचा हिशेब

कर्वेनगरकर:
नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही उभयतांनी मोटारहोम घेतली. मोठ्या डिझेल व्हॅनवर पुण्यातच बांधून घेतलेली ही गाडी सामानासह चार टनांच्या आसपास भरते. पहिला मुक्काम महाबळेश्वरच्या अलीकडे एका शेतात केला. जागा डोळ्यांना अगदी सपाट दिसत होती. परंतु सकाळी तव्यावर आंबोळीचे पीठ घातले तेव्हा ते गोल पसरण्याऐवजी डाव्या कडेला जाऊन साचले, आणि रात्रभर आम्ही दोघे भिंतीकडे का घरंगळत होतो याचा उलगडा झाला. गाडी बांधणाऱ्यांनी आता गाडी तेलाच्या दाबाने उचलून सपाट करणारे हायड्रॉलिक जॅक बसवण्याचा सल्ला दिला आहे, मात्र तो खर्च लाखांच्या घरात जातो. दुसरी तक्रार डिझेलची आहे. लिटरला १२ किलोमीटर मिळतील असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात टाकी काठोकाठ भरून मोजले असता ३१० किलोमीटरला ३७ लिटर लागले, म्हणजे जेमतेम ८.४. जॅक खरोखर आवश्यक आहेत का, आणि हा आकडा सुधारण्याजोगा आहे का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

घाटवाटसरू:
अभिनंदन. जॅकचा निर्णय घेण्यापूर्वी आपला फ्रिज कोणत्या जातीचा आहे ते पाहावे, कारण सपाटीची खरी गरज माणसांपेक्षा त्याला अधिक असू शकते. गॅसवरही चालणाऱ्या शोषण पद्धतीच्या फ्रिजमध्ये अमोनियाचे द्रावण केवळ गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून खाली वाहते. उभ्या गाडीचा कल तीन अंशांच्या पुढे गेला की ते वाटेत साचू लागते, थंडावा मिळत नाही, आणि असे वारंवार घडल्यास नळ्या आतून कायमच्या चोंदतात. आपल्याकडे बांधलेल्या गाड्यांत बहुधा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो आणि त्याला एवढी नाजूक सवय नसते. तसे असेल तर प्रश्न फक्त झोपेचा आणि आंबोळ्यांचा उरतो, व तो लाकडी फळ्यांनी सुटतो.

मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून दोन इंच जाडीच्या जंगली लाकडाच्या फळ्या घेतल्या. तीन फूट लांबीच्या फळीवर दोन फुटांची फळी बोल्टने आवळून पायरी तयार केली आणि तिची पुढची धार तासून घेतली, म्हणजे चाक धक्का न बसता वर चढते. गवंड्याकडची पाणसळ स्वयंपाकाच्या ओट्यावर आधी गाडीच्या रुंदीकडून आणि मग लांबीकडून ठेवून पाहावी. फोनमधले पाणसळीचे ॲप फोनच्या कव्हरमुळेही फसते. व्हॅनच्या डाव्या-उजव्या चाकांत सुमारे १.७ मीटर अंतर असते, त्यामुळे पाच सेंटीमीटरच्या एका फळीने आडवा कल पावणेदोन अंशांनी कमी होतो. पुढच्या-मागच्या चाकांत मात्र साडेतीन-पावणेचार मीटर अंतर असल्याने तीच फळी जेमतेम पाऊण अंशाचे काम करते. म्हणून गाडी अशी वळवून उभी करावी की लांबीकडून ती आपोआप सपाट राहील आणि फळ्या फक्त एका बाजूच्या चाकांखाली घालाव्या लागतील. मागे जोड टायर असल्यास फळी दोन्ही टायरांना पुरेल एवढी रुंद हवी. एकाच टायरवर सगळा भार सोडणे चुकीचे आहे.

कोपऱ्यांतले स्क्रूचे जॅक हे डुलणे थांबवणारे टेकू आहेत, त्यांनी गाडी उचलू नये. आणखी एक सावधगिरी: अशा बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, त्यामुळे मागची चाके जमिनीवरून उचलली गेली तर उतारावर गाडी धरून ठेवणारे काही उरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. हायड्रॉलिक जॅकचे वजन साठ-सत्तर किलो किंवा त्याहूनही अधिक असते, तेव्हा डिझेललाही फटका बसणारच.

पवनाकाठ:
वरील सल्ल्याला एक पुरवणी जोडते. गाडी काटेकोर सपाट करण्याच्या नादात आमच्या न्हाणीघरातले पाणी तुंबून राहिले, कारण मोरीचे तोंड ज्या कोपऱ्यात आहे तिकडे किंचित उतार लागतो. एकदा बादलीभर पाणी ओतून आपल्या गाडीची सोयीची स्थिती ठरवावी आणि पाणसळीच्या काचेवर बुडबुड्याच्या जागी खूण करून ठेवावी. धरणांच्या काठच्या गाळपेर जमिनीपासूनही सावध राहावे; वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली चिखल असतो, आणि संध्याकाळी सपाट असलेली गाडी पहाटेपर्यंत एका चाकावर बसते.

चिंचवडचा यंत्रज्ञ:
घाटवाटसरू यांच्या बाकी सर्व मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु सत्तर किलोंमुळे डिझेल वाढते हा हिशेब टिकत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, तर महाबळेश्वर १,३५० मीटरवर आहे. चार टनांची गाडी एवढी उंच चढवण्यासाठी, इंजिनाची कार्यक्षमता एक तृतीयांश धरली तर, सपाट रस्त्यापेक्षा अडीच लिटरच्या आसपास जादा डिझेल लागते. त्यात सत्तर किलोंचा वाटा पन्नास मिलिलिटरही होत नाही. तेव्हा मायलेजसाठी पाण्याची टाकी रिकामी करून निघण्याचाही फार उपयोग नाही. वजनाचा विचार करावा तो आसांवरील भारासाठी: पूर्ण भरलेली गाडी, माणसांसह, वजनकाट्यावर नेऊन पुढचा व मागचा आस वेगवेगळा मोजावा आणि कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. त्या मर्यादेत सत्तर किलोंना जागा नसेल, तर जॅकचा विषय तिथेच मिटतो.

डिझेल खाणारा खरा घटक वेग हाच आहे. मोटारहोमचा दर्शनी भाग कपाटासारखा असतो आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. सातारा रस्त्यावर ७०-७५ वर स्थिर राहून पाहावे. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की आजची कॉमन-रेल (एका सामायिक नळीतून उच्च दाबाने डिझेल फवारणारी) इंजिने डिझेलचा पुरवठा थांबवतात, आणि ब्रेकही तापत नाहीत. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. एक प्रश्न: मुक्कामी एसीसाठी इंजिन चालू ठेवले होते का?

कर्वेनगरकर:
सर्वांचे आभार. होय, दुपारी साधारण तीन तास इंजिन चालू ठेवून एसी लावला होता. तो मायलेजच्या हिशेबात येईल हे ध्यानातही आले नव्हते. फ्रिज कॉम्प्रेसरचाच आहे.

चिंचवडचा यंत्रज्ञ:
तासाला लिटरभर धरले तरी तीन लिटर तिथेच गेले. ३४ लिटरांत ३१० किलोमीटर म्हणजे लिटरला ९.१, आणि घाटाच्या रस्त्यावर एवढ्या उंच गाडीला हा आकडा वावगा नाही. १२ ची अपेक्षा मात्र मी ठेवणार नाही.

कर्वेनगरकर:
तर मग जॅक तूर्त रद्द. काल सोसायटीच्या आवारातच ओट्यावर पाणसळ ठेवून पाहिली, तर आमची रोजची पार्किंगची जागासुद्धा दीड अंश कललेली निघाली. शनिवारी फळ्या आणायला जात आहे; तव्यावरची पुढची आंबोळी गोल आली की कळवतो.