कामातला जुना ट्रॅक्टर कमी खर्चात रंगवायचा आहे

प्रश्न
वडिलांनी घेतलेला ३५ एचपीचा ट्रॅक्टर अजून रोज कामाला जातो. इंजिनाची तक्रार नाही. पण बॉनेटचा रंग पांढरट पडलाय, मडगार्डच्या खालच्या कडांचे पोपडे सुटतात, मागच्या रिमवर नटांभोवती गंज चढलाय. पत्रा आणखी काही वर्षं टिकावा आणि सकाळी चालू करताना त्याच्याकडे बघून बरं वाटावं, एवढीच इच्छा आहे. कॉम्प्रेसर नाही. सलग आठवड्यापेक्षा जास्त उभा ठेवता येणार नाही. ब्रशने जमेल का? रंगात हार्डनर टाक असंही कुणी सांगतं.

उत्तर
जमेल. मी माझा ब्रशनेच रंगवलाय, दोनदा. पहिल्या वेळी मागच्या अ‍ॅक्सलच्या सीलमधून तेल पाझरत होतं. फडक्याने पुसलं आणि वरून रंग दिला. दोन महिन्यांत तिथला रंग नखाने सोलून निघायला लागला. फार जीव तुटला, कारण बाकीचं काम मन लावून केलं होतं. म्हणून आधी गळती बंद करा. सील, पॅकिंग, डिझेलच्या पाइपचे वॉशर, जे गळत असेल ते. रंगाचे पैसे कमी पडले तरी चालतील, पण हे राहू देऊ नका.

मग धुणं. चिखल-ग्रीसचा थर पत्र्याच्या पट्टीने खरवडा, डिझेल लावून भिजू द्या, ब्रशने घासा. डिझेलचाही तेलकट पापुद्रा मागे राहतो, तो साबणाच्या गरम पाण्याने दोनदा काढा. हे सगळं घासकामाच्या आधी. तेलकट पत्र्यावर पॉलिश पेपर फिरवला तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं. आणि इंजिन गरम असताना डिझेल पंपावर गार पाणी मारू नका, आतला प्लंजर जाम होऊ शकतो.

गंजाला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, शेवटी १८० चा. चांगला धरलेला जुना रंग काढायची गरज नाही, त्याची फक्त चकाकी मोडा. उघडा पडलेला पत्रा रात्रभर तसा ठेवू नका, त्याच दिवशी रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा लाल प्रायमर, मारा. पण नुसत्या रेड ऑक्साइडवर ट्रॅक्टर पावसात काढू नका, त्यातून ओल आत शिरते. वर सिंथेटिक इनॅमलचे दोन पातळ हात. एकच जाड हात दिला तर ओघळ येतात आणि आत कच्चा राहतो. संध्याकाळी रंगवू नका, दव पडलं की चकाकी मरते.

आठवड्याची अडचण असेल तर तुकड्यातुकड्याने करा. आज बॉनेट उतरवलं, पुढच्या सुट्टीत मडगार्ड, मग एकेक रिम. मी तसंच केलं. ट्रॅक्टर एक दिवसही अडला नाही.

दुसरं उत्तर
इनॅमल पातळ करायला टर्पेंटाइनच वापरा. जुन्या इनॅमलवर एनसी थिनर (लॅकरसाठीचा जहाल थिनर) घातलेला रंग गेला की खालचा थर सुरकुतून वर येतो. सायलेन्सरला उष्णतारोधक रंग लागतो, साधा जळून जातो. ग्रीस निपल, लिफ्टचे चकचकीत रॉड, रबरी नळ्या, अर्थिंगची जागा आणि नंबरची पट्टी झाकून घ्या. रेडिएटरच्या जाळीवर जाड रंग नको, उष्णता बाहेर पडत नाही.

तिसरं उत्तर
हार्डनरने रंग कडक होतो आणि चकाकी टिकते, हे खरं. पण त्यात बहुतेकदा आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं. फवारताना ते फुप्फुसात गेलं तर कायमचा दमा जडू शकतो, आणि धुळीचा मास्क ते अडवत नाही. कामाच्या ट्रॅक्टरला त्याशिवाय भागतं. जुन्या रंगात शिसं असण्याचीही शक्यता आहे, तेव्हा पेपर ओला करून घासा आणि मुलांना लांब ठेवा.

प्रश्नकर्ता
हार्डनर नको, ठरलं. आज खाली वाकून पाहिलं, लिफ्टच्या कव्हरखाली ओल आहे. आधी ते पॅकिंग बदलतो, मग बॉनेट उतरवतो.