पाऊस सुरू झाला की आईचा फोन बंद करायचा की चालू ठेवायचा? (बडोदा)

समा रोडवाली:
बडोदेकरांनो एक विचारायचं होतं. आम्ही समाला राहतो, २०२४ च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या पावसानंतर पाणी तळमजल्यात शिरलं होतं. तेव्हापासून जरा जोरात पाऊस झाला की आई फोन घेऊन बसते, आजवा तलावाची लेव्हल किती, काळा घोडा पुलाजवळ विश्वामित्री नदी किती फूट, मग त्यातून रील्स, मग कोणीतरी ओरडून सांगतोय की आज रात्री आजवाचे दरवाजे उघडणार, आणि मध्यरात्री मला उठवते की चल सामान वर चढवू. बाबा दिवसभर फॅमिली ग्रुपवर राजकारणाचे व्हिडिओ टाकतात आणि काकाशी भांडतात. पण पाणी भरलेलं असताना आम्ही सगळे जिन्यात बसलेलो, लाइट नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं की पार्किंगमध्ये नवीन मेंबर पोहत आलेत (नदीतल्या मगरी), मेंटेनन्स मागायला कोण जाणार, तेव्हा आई पहिल्यांदा हसली होती. दुधाच्या पिशव्या पण त्याच ग्रुपमुळे मिळाल्या. मैत्रीण म्हणते सगळं डिलीट कर तिच्या फोनमधून. मला ते पटत नाही, पण असं पण चालणार नाही, झोपच लागत नाही तिला. तुमच्या घरी काय करता? आणि अजून एक, आमच्याच मागच्या गल्लीत लोकांचं सगळं गेलं, त्यांनी ते मगरींचे मीम बघितले असतील तर काय वाटलं असेल, हे डोक्यातून जात नाही.

वडसर ब्रिज:
ताई, आमचं गेलं होतं सगळं, फ्रीज, गाद्या, मुलीची पुस्तकं, म्हणून मीच सांगतो. मगरींच्या जोकचा राग नाही आला. अकोटा स्टेडियमजवळ घराच्या छपरावर मगर बसलेली तो व्हिडिओ, मग दोघं जण स्कूटरवरून मगर घेऊन चाललेत तो, हे आम्ही दुसऱ्याच्या फोनवर बघितले कारण आमचा बंद पडलेला, आणि खूप हसलो सगळे. त्या तीनेक दिवसांत वनखात्याने आणि स्वयंसेवकांनी २४ मगरी पकडून सोडल्या, म्हणजे हसण्यासारखी गोष्ट होती आणि लोक जिवावर उदार होऊन काम पण करत होते, दोन्ही एकाच वेळी. विश्वामित्री हे मगरीचं घर, ती पण घराबाहेर फेकली गेलेली, तिच्यावर कसला राग करायचा.

राग आला तो बाहेरच्यांचा. कोरड्यात बसून लिहायचे की नदीकाठी घरं घेतलीत तर भोगा. आम्ही घर घेतलं तेव्हा कागदावर सगळं मंजूर होतं हो. पाण्यात उभा असलेला माणूस जोक करतो ना तो शेजाऱ्याला धीर द्यायला करतो, तुमच्या जिन्यातला जोक तसलाच होता. आईंना खुशाल हसू द्या.

दांडियाबाजारकर:
डिलीट अजिबात करू नका, पूर आला तर आईंना काहीच कळणार नाही आणि जास्त घाबरतील. आम्ही काय केलं ते सांगते. घरातल्या घरात एक छोटा ग्रुप काढला, त्यात फक्त दोन आकडे, आजवा आणि काळा घोडा, आणि ते टाकायची जबाबदारी भावाची, दुसऱ्याने काहीही टाकायचं नाही. बाकी ग्रुप रात्री म्यूट. आईंना एक समजावून सांगा की आजवाचं पाणी सोडलं तरी शहरात पोचायला काही तास लागतात, मिनिटामिनिटाला बघून उपयोग नाही. काळा घोड्याला २५-२६ फुटांच्या आसपास धोका धरतात, २०२४ ला ३५ च्या वर गेलेलं, तर समजा १२ फूट असेल तर झोपा म्हणावं शांत. आमच्या सासूबाईंना आकडा कळला की बरं वाटतं, रीलवाल्याचं ओरडणं ऐकलं की बीपी वाढतो.

आणि व्हॉट्सॲप मेसेजवर दोन बाणांची खूण असेल तर तो खूप हातांतून फिरून आलेला असतो. असले मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतात, तरी लोक हौसेने एकेकाला पाठवत बसतात. "आजवा फुटलं" वाला मेसेज आमच्याकडे असाच आला, पोळातली (जुन्या गल्लीतली) म्हातारी माणसं पिशव्या भरून बसली होती, मला आजही त्या पाठवणाऱ्याचा संताप येतो.

अकोटा गार्डन:
बाबांच्या बाजूने बोलतो. राजकारण बंद करा असं सगळे म्हणतात पण २०२४ ला सोसायट्यांच्या गेटवरून नेत्यांना लोकांनी परत पाठवलं, ते व्हिडिओ घराघरात फिरले, म्हणून वरपर्यंत आवाज गेला. मग विश्वामित्रीच्या पुरावर उपाय म्हणून १२०० कोटींची योजना जाहीर झाली, त्यासाठी नवलावाला समिती बसली, आणि २०२५ च्या मार्चपासून शंभर दिवसांचं टार्गेट ठेवून शहरातली सुमारे २४ किलोमीटर नदी खोल-रुंद करायचं काम काढलं. गप्प बसलो असतो तर हे झालं असतं असं मला तरी वाटत नाही. आता ते काम किती टिकलं, कुठे परत माती भरली, हे विचारत राहणं पण राजकारणच आहे. बाबांना म्हणावं दिल्लीचे व्हिडिओ राहू द्या, तुमच्या समाच्या भूखी कांसचा (पावसाच्या पाण्याचा नाला) फोटो टाका, पावसाआधी साफ झाली की नाही, आणि तुमच्या नगरसेवकाला टॅग करा. काका पण त्यात साथ देतील कारण पाणी त्यांच्या पण घरात येतं.

जर्सी सिटीतला बडोदेकर:
लांबून एक. त्या वेळी तिकडे लाइट नव्हती, आई-बाबा रावपुऱ्यात, फोन दिवसातून एकदा लागायचा. इकडून आम्ही दहा-बारा नातेवाईक मिळून माहिती काढायचो, दूध कुठे मिळतंय, बोट कुठपर्यंत येते, आणि साध्या एसएमएसवर पाठवायचो कारण नेट चालत नव्हतं. तर बाहेरगावी असलेला एक माणूस आधीच ठरवून ठेवा ताई, लाइट गेली की तो तुमचे डोळे. आणि बाबांनी त्या गडबडीत मला एसएमएस केला होता की दगडूला बिस्किटं दिली (आमचा कुत्रा), तो मेसेज मी अजून पुसलेला नाही.

समा रोडवाली:
सगळ्यांचे खूप आभार, वडसरवाले दादा तुमचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली त्यांना विचार आता घर कसं आहे. आकड्यांचा ग्रुप आत्ताच काढला, पुण्याच्या मावसभावाला त्यात घेतलं. बाबांना कांसचं सांगितलं तर ते छत्री घेऊन निघाले पण, फोटो आला की इथेच टाकते.

वडसर ब्रिज:
घर ठीक आहे ताई, मीटर वर चढवून घेतलेत आणि मुलीचं कपाट पहिल्या मजल्यावर. आईंना नमस्कार सांगा.