मदत हवी आहे: बस स्टॉपवरची माणसं मोजायला कुठला सेन्सर घेऊ?

मंडळी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका स्टॉपवर लोक किती वेळ ताटकळतात ते मोजायचंय. पीआयआर (अंगाच्या उष्णतेवरून माणूस हेरणारा सेन्सर) लावून बघितला पण तो फक्त हालचाल पकडतो, काका एकदा मोबाईल घेऊन बाकावर बसले की त्याच्या हिशेबी स्टॉप रिकामा! कॅमेरा नकोच, लोकांचे चेहरे कशाला टिपायचे. वायफायवरून फोन मोजावेत तर हल्लीचे फोन मॅक अॅड्रेस (वायफायवरचा ओळख क्रमांक) बदलत राहतात, एकच माणूस परत परत मोजला जातो. आता ८ बाय ८ पिक्सेलचा थर्मल (उष्णतेचं चित्र टिपणारा) सेन्सर छताला लावायचा विचार चाललाय, पण मे महिन्यात खालची फरशीच अंगाइतकी तापते मग माणूस वेगळा दिसणार कसा? रडार मॉड्यूल कोणी वापरलंय का, खेटून उभी असलेली माणसं वेगळी धरतं का ते? आणि नुसते सावलीला थांबलेले कसे वगळायचे?