मदत हवी आहे: ७ मेगाहर्ट्झची साइन वेव्ह खालून चपटी का येते?

सोल्डरकर: दोन रविवार गेले यात. बीसी ५४७ ट्रान्झिस्टरवर कोल्पिट्स ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीची वेव्ह तयार करणारं सर्किट) केलाय, क्रिस्टल ७.०३० मेगाहर्ट्झचा. चालतोय, पण स्कोपवर वेव्ह वरून गोल आणि खालून इस्त्री फिरवल्यासारखी. रेडिओवर १४ आणि २१ मेगाहर्ट्झलाही शिट्टी येते. ट्रान्झिस्टर तीन बदलले. लवकर सांगा.

संथ_कासव: सर्किट कुठंय? सप्लाय किती, आउटपुट कुठून घेताय, स्कोपचा प्रोब १एक्स (सिग्नल थेट) की १०एक्स (दहावा भाग)?

रेडिओवेडा: क्रिस्टल सोडा हो. एसआय ५३५१ या फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या चिपचा मॉड्यूल घ्या, कटकट मिटते.

जुना_खटका: मिटते कसली! ५३५१ चौकोनी वेव्ह देतो. तिच्यात तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) मूळ सुराच्या जेमतेम साडेनऊ डीबी खाली असतो. त्याला साइन हवीये.

रेडिओवेडा: डायोड मिक्सरला (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणाऱ्या सर्किटला) चौकोनीच चालते. माझा बिटएक्स ट्रान्सीव्हर त्यावरच बोलतोय.

जुना_खटका: मिक्सरचं विचारलंय कुणी?

नियमित: लायसन्स आहे ना? एएसओसीची (हॅम रेडिओ परवान्याची) परीक्षा दिल्याशिवाय हवेत काही सोडू नका.

सोल्डरकर: अँटेनाच लावली नाहीये, काका. सप्लाय १२ व्होल्ट, आउटपुट एमिटरवरून, पुढे बफर (ऑसिलेटरवर भार येऊ न देणारा टप्पा) आहे. प्रोब १एक्स, सगळे तोच वापरतात ना?

संथ_कासव: हे आधी सांगायचं. प्रोब १०एक्सवर टाका, १एक्सला सर्किटवर शंभरेक पीएफचा (पिकोफॅरड) कपॅसिटन्स लटकतो. एमिटरवर चपटं दिसणारच, ट्रान्झिस्टर दर फेरीत थोडाच वेळ चालतो, झोका देऊन गप्प. एमिटरचा रेझिस्टर थोडा वाढवा आणि बफरनंतर लो-पास फिल्टर (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावा. स्कोपवर गोल दिसली म्हणून शुद्ध समजू नका, ३० डीबी खालचा हार्मोनिक डोळ्याला दिसत नाही.

सोल्डरकर: फिल्टर लावला. आधीपेक्षा घाण! २७०, ६८०, ६८०, २७० पीएफचे कपॅसिटर, मध्ये टोरॉइडच्या (गोल कड्यावर गुंडाळलेल्या) तीन कॉइल. वेढे दोनदा मोजले.

संथ_कासव: फिल्टरच्या पुढे काय जोडलंय?

सोल्डरकर: काही नाही. नुसता प्रोब.

संथ_कासव: अहो, तो पुढे ५० ओहमचा भार धरून काढलेला फिल्टर. आउटपुटला शंभर ओहमचे दोन रेझिस्टर समांतर लावा.

सोल्डरकर: लावले. गोल झाली! २१ ची शिट्टी गेली, १४ ची बारीक आहे अजून.

संथ_कासव: १४ जवळचा, त्याला फिल्टर कमी दाबतो. रेडिओ टेबलावरच असेल तर तोही भारावून शिट्ट्या मारतो. दुसऱ्या खोलीत नेऊन ऐका.

रेडिओवेडा: ५३५१ घेतला असतात तर नुसता फिल्टरच लागला असता.

जुना_खटका: 🙏