बाळाचे लंगोट घरी शिवलेत? तुमचे अनुभव सांगा

सातवा महिना संपत आलाय. सासऱ्यांच्या धोतराची दोन पानं सासूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवली होती, ती परवा त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. इतकं मऊ कापड मी आयुष्यात हाताळलेलं नाही. म्हणाल्या, "लंगोट याचेच कर. आत्ता धुवून, कातरून ठेव. सुई मात्र बाळ आल्यावरच." बाळ यायच्या आधी काही शिवायचं नाही ही आमच्या घरची रीत, आणि मला ती पाळायची आहे. त्यामुळे माझ्याकडे सध्या कापड आहे, कात्री आहे आणि खूप प्रश्न आहेत.

हिशेब असा केलाय. १६ इंचांचा चौकोन, तिरका दुमडला की दुपदरी त्रिकोण. पानाची रुंदी ४८ इंच भरली, म्हणजे आडवे तीन. लांबी साडेचार मीटर, म्हणजे अकरा ओळी. एका पानात तेहेतीस! पण मधे बराच भाग विरलाय, तो सोडून पंचवीस धरतेय. पुरतील का? नाडी कशाची लावू? शिवण टोचत नाही का? जे शिवलंत ते सांगा, आणि जे फसलं ते तर नक्कीच सांगा.

रत्नागिरी, दोन नातवंडांची आजी

पंचवीस पुरायचे नाहीत गं. तान्हं बाळ दिवसरात्र मिळून वीसेक वेळा ओलं करतं, आणि आमच्याकडे जुलैत कपडा दोन दोन दिवस वाळत नाही. माझी मोठी नात ऐन पावसाळ्यातली. पडवीतली दांडी भरायची, मग माजघरात दोऱ्या बांधायच्या. शेवटी शेगडीत निखारे करून त्यावर डालगं पालथं घालायचे आणि डालग्यावर एकेक लंगोट पसरायचे. तिथून हलायचं मात्र नाही. एकदा मी भाताकडे बघायला गेले तेवढ्यात दोन लंगोट करपले.

शिवणीचं विचारलंस. आतल्या बाजूला शिवण येऊच द्यायची नाही. माझ्या आईने मला हे बारशाच्या आधी शिकवलं: दुमड बाहेर घाल, आत सगळं सपाट. बाहेरून जरा ओबडधोबड दिसतं, पण बाळाच्या जांघेत वळ उठत नाहीत. धोतराचा काठ मिळेल तिथे कमरेकडे घे, म्हणजे तिथे दुमडायचीसुद्धा गरज नाही. आणि नाळ पडेपर्यंत लंगोट नाळेच्या खालीच बांध, वर चढू देऊ नकोस.

इचलकरंजी, बावीस वर्षं शिवणकाम

माझ्याकडे बाळंतविडा शिवून घ्यायला बायका येतात, त्यामुळे कापडाबद्दल लिहिते. जुनं धोतर, जुनी सुती साडी, यांच्यापेक्षा चांगलं काहीच नाही. पण प्रत्येकीकडे ते नसतं. मग मांजरपाट घेतात आणि तक्रार करतात की पाणी शोषतच नाही. शोषणार कसं? कोऱ्या मांजरपाटात खळ असते. रात्रभर भिजवा, उकळा, उन्हात वाळवा, आणि हे दोन-तीनदा करा. एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब कापडावर मोत्यासारखा उभा राहिला तर अजून खळ आहे, टाकल्याबरोबर पसरला तर कातरायला घ्या. धुण्याआधी कातरलंत तर आटून माप चुकेल ते वेगळंच.

नाडी बाजारातली गोल दोरी नको. तिची ओली गाठ सुटत नाही आणि रडणाऱ्या बाळापाशी आपण नखांनी ती सोडवत बसतो. त्याच कापडाची दीड इंच पट्टी काढा, चार पदरी दुमडून शिवा. चपटी होते, पोटावर रुतत नाही. तिसऱ्या टोकाला त्याच पट्टीचा लहान फासा लावा, त्यातून नाड्या ओवून बांधल्या की लंगोट घसरत नाही. पिको करू नका. पिकोच्या दोऱ्याची कड धुऊन धुऊन कडक होते.

बंगळुरू, मूळची साताऱ्याची

मी लंगोट नाही, बटणांचे कापडी डायपर शिवले. बाहेर पीयूएल म्हणजे पाणी न झिरपणारं कापड, आत मऊ फ्लीस, मधे खिसा आणि खिशात सुती पदर. कागदावर माप काढून अगदी नीट शिवले होते, तरी पहिल्याच दिवशी सगळे गळले. कारण कळायला आठवडा गेला. कातरताना मी पीयूएलला टाचण्या लावल्या होत्या! टाचणीचं प्रत्येक भोक म्हणजे एक गळती. नंतर टाचणीऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावले, बारीक बॉलपॉइंट सुई घेतली आणि दोरा पॉलिएस्टरचा, कारण सुती दोरा ओल शोषून बाहेर आणतो.

दुसरी चूक मायक्रोफायबरची. त्याचे पदर बाहेर राहून थेट त्वचेला लागले. ते इतकं शोषतं की त्वचेचा ओलावाही ओढून घेतं, लेकीचं बूड लाल झालं. मायक्रोफायबर खिशाच्या आतच हवं. आणि कपडे मऊ करायचं लिक्विड यांना कधी लावू नका, त्याचा थर बसतो आणि कापड शोषायचं थांबतं.

नागपूर

चाळीस शिवले. दिवसा लंगोट, रात्री विकतचा डायपर, असं दहा महिने केलं. सिझेरियननंतर मला झोप हवी होती आणि त्याबद्दल मला कधीही वाईट वाटलं नाही. नवीन आयांनो, सगळं किंवा काहीच नाही असं मनात धरू नका.

श्टुटगार्ट, एका मुलाचा बाबा

इथे बाळंतपणानंतर सुईण घरी येते. ती आली तेव्हा मी आईने पाठवलेले लंगोट इस्त्री करत होतो. तिने एक हातात घेतला, उलटा करून शिवण पाहिली आणि विचारलं, यावर बाहेरून काय घालता? बाहेर हिवाळा, आणि आमची तर दुपटी, गादी, सगळं भिजत होतं. तिने लोकरीच्या चड्डीबद्दल सांगितलं.

मग मी माझा जुना शुद्ध लोकरीचा स्वेटर मुद्दाम गरम पाण्यात धुतला. तो आटून जाड, घट्ट नमद्यासारखा झाला. त्याची चड्डी कातरली आणि बाह्यांच्या मनगटाकडच्या विणीचे पाय केले, त्यामुळे इलॅस्टिक लागलंच नाही. गरम पाण्यात थोड्या सौम्य साबणाबरोबर लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलंच मेण, ढवळून पाणी दुधाळ करायचं, ते कोमट झालं की चड्डी रात्रभर त्यात ठेवायची. आत लंगोट, वर ही चड्डी. लोकर ओल धरून ठेवते आणि हवाही खेळते. रोज धुवायची नाही, नुसती वाऱ्यावर टांगली की वास जातो. मी मशीनवर बसायला शिकलो ते या चड्डीसाठी, आणि आई व्हिडिओ कॉलवर बॉबिन कशी भरायची ते दाखवत होती.

औरंगाबाद, आता संभाजीनगर

माझा मुलगा एकतिसाव्या आठवड्यात झाला, १४०० ग्रॅमचा. विकतचा सगळ्यात लहान डायपरही त्याच्या छातीपर्यंत यायचा. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरांना विचारून माझ्या बहिणीने १० इंचांच्या चौकोनाचे लंगोट शिवले. तळहातावर मावायचे. तिथे लघवी मोजावी लागते, म्हणून सिस्टर प्रत्येक लंगोट आधी कोरडा वजन करून घ्यायच्या, मग ओला. एक कोरडा लंगोट सात ग्रॅम भरायचा, तो आकडा मला अजून पाठ आहे. काचेच्या पेटीतल्या माझ्या बाळाच्या अंगावर घरचं असं तेवढंच होतं. बहीण रोज उकळून, इस्त्री करून, पिशवीत घालून आणून द्यायची.

तिचा लंगोट शिवण बाहेर असलेलाच होता. रत्नागिरीच्या आजी सांगतात तसाच.

धागाकर्ती

परत आलेय. मुलगी झाली, आज नववा दिवस. पाचवी झाल्यावर सासूबाईंनी स्वतः सुईत दोरा ओवून दिला. आत्तापर्यंत अकरा शिवून झालेत, बाकीचे कातरलेले उशाशी आहेत. पहिल्या दोघांना सवयीने शिवण आत घातली गेली, ती उसवून पुन्हा बाहेर घातली. नाड्या चपट्या केल्यात. दुसरं पानही कातरायला घेतलंय, कारण आजी, तुमचा आकडा खरा निघाला: काल दिवसरात्रीत बावीस झाले.

एक विचारायचं राहिलं. विरलेला जो भाग मी बाजूला काढला होता, त्याचं काय करू? टाकवत नाही. चार पदर एकावर एक घेऊन लंगोटाच्या आत घालायच्या घड्या होतील का त्याच्या, की धावदोरा घालून दुपटं करू?