मदत हवी आहे: पहिल्या वर्षाची गप्प बसणारी मुलं बोलती कशी करायची?

नमस्कार मंडळी,

मी महाविद्यालयात गणित शिकवते. यंदा पहिल्या वर्षाच्या वीस जणांची मेंटॉर आहे. आठवड्यातून तासभर भेटतो. "काही अडचण?" विचारलं की वीसही माना नाही म्हणून हलतात.

परवा एका मुलीची वही हातात आली. पहिली पानं बघत राहावीत अशी, समास आखलेला, शीर्षकाखाली लाल रेघ. पुढे फळ्यावरचं अर्धंच उतरवलेलं. मग तीन पानांवर नुसती तारीख. मुलगी रोज वर्गात होती, तिसऱ्या बाकावर! खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "बाकी सगळ्यांना येतंय मॅडम, मलाच कळत नाहीये." तिच्या मागच्या बाकावरचा मुलगा त्याच दिवशी मला हेच सांगून गेला होता.

'कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास' अशी सूचना लावली, कोणी फिरकलं नाही. शब्द चुकला माझा. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत १९७३ मध्ये डिॲना मार्टिन यांनी मदत कच्च्या मुलांऐवजी कठीण विषयाला जोडली. तो विषय आधी पार केलेला विद्यार्थी गट चालवतो, कोणीही यावं. हे मला फार पटलं. दुसऱ्या वर्षाची तीन मुलं तयारही आहेत. एकाला आपण पहिल्या चाचणीत नापास झालो होतो ते सांगायचंय. ऐकून नव्यांना धीर येईल की धास्ती बसेल? आणि मी तिथे थांबावं का?

प्रतिसाद

मॅडम, तुम्ही थांबू नका. तुमच्यासमोर कोणी "कळलं नाही" म्हणणार नाही.

त्याला जरूर बोलू द्या, पण नापास झाल्यावर कोणाकडे गेला, नेमकं काय विचारलं, हेही सांगू दे. नाहीतर धास्तीच बसेल. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ वॉल्टन आणि कोहेन यांच्या २०११ च्या अभ्यासात वरच्या वर्गातल्यांचे 'सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग रुळलो' असे अनुभव नव्यांना वाचायला दिले होते. काम तासाभराचं, पण कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले.

"अडचण आहे का" नको. पाठाची प्रत द्या, अडलं तिथे फुली मारायला सांगा, नाव न घालता.

त्या मुलीला मात्र झोप लागते का, जेवते का, तेही विचारा. कोऱ्या पानांमागे दरवेळी गणितच असतं असं नाही. गरज वाटली तर समुपदेशकाकडे स्वतः सोबत जा, नुसता नंबर हातात देऊ नका.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आज फुल्या मारून घेतल्या. वीसपैकी चौदा फुल्या एकाच ओळीवर, सीमेच्या (limit) व्याख्येवर! सगळ्या प्रती टेबलावर पसरून ठेवल्या. तिसऱ्या बाकावरची बराच वेळ एकेक प्रत उचलून बघत होती. तिच्याशी नंतर निवांत बोलले. झोप नीट नाहीये, उद्या दोघी मिळून समुपदेशकांकडे जातोय.

गुरुवारी गट बसेल. मी वर्गाची किल्ली देऊन निघणार आहे.