फोर-व्हील लागत नसेल तर आधी हब तपासा
फोर-व्हीलचा लिव्हर पडतो, पण पुढची चाके ओढत नाहीत, एवढ्यावरून ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) उघडायला सांगणे मला घाईचे वाटते. हाताने लॉक होणारे हब (पुढच्या चाकाला ॲक्सलशी जोडणारा-सोडवणारा भाग) असतील तर ते लॉक करून, लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकून, इंजिन बंद ठेवावे. मागच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावून पुढचे एकच चाक जॅकवर उचलावे आणि हाताने फिरवावे. चाक फिरते पण पुढचा प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा) स्थिर राहतो, तर दोष बहुधा हबमध्ये असतो; कधी त्यातले ग्रीसच वाळलेले असते. शाफ्टही फिरला, तर मात्र ट्रान्सफर केसकडे वळावे. व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीने) चालणारे हब असल्यास रबरी नळ्यांची टोके वाकवून पाहावीत, कारण चीर बहुधा तिथेच पडते.